सलाईनच्या बाटलीवरचा माणूस

घरातलं कुणी ॲडमिट असलं की बेडशेजारच्या स्टुलावर बसून आपण एकच काम करतो, स्टँडला टांगलेल्या बाटलीतले थेंब बघायचं. बाटलीवर काय छापलंय ते वाचायला भरपूर वेळ असतो, पण वाचत कुणी नाही. आपल्या लेखी सगळ्या बाटल्या म्हणजे ‘सलाईन’. नर्सिंगला, मेडिकलला किंवा फार्मसीला असलेल्या मित्रमैत्रिणींना विचारा, ते लगेच फोड करून सांगतील. नुसतं मिठाचं पाणी असेल तर एनएस, साखरेचं असेल तर डेक्स्ट्रोज आणि तिसरी, वॉर्डात सर्रास दिसणारी, आरएल. म्हणजे रिंगर लॅक्टेट. उलट्या-जुलाबांनी सुकून गेलेला पेशंट आला, भाजलेला आला, अपघातात रक्त गेलेला आला, की बऱ्याचदा सगळ्यात आधी हीच बाटली लागते.

त्यातला लॅक्टेट हा एक क्षार. पण रिंगर? ती कंपनी नाही आणि रसायनही नाही. तो माणूस होता. सिडनी रिंगर हे त्याचं नाव. 19व्या शतकातला लंडनचा डॉक्टर. जगभरच्या हॉस्पिटलांत रोज हजारो वेळा ज्याचं नाव घेतलं जातं, त्याच्याबद्दल आपल्याला जवळपास शून्य माहिती असते.

रिंगर यांचा जन्म 1830च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडमधल्या नॉर्विच गावी झाला. घर व्यापाऱ्याचं. वडील लहानपणीच गेले. भावांपैकी एक शांघायला गेला आणि गडगंज झाला. दुसरा, फ्रेडरिक, जपानमध्ये नागासाकीला गेला, तिथे त्याने व्यापारी पेढी काढली आणि तो शहरातलं बडं प्रस्थ बनला. त्याचं घर आजही नागासाकीत टुरिस्ट लोक बघायला जातात. जपानमध्ये ‘रिंगर हट’ नावाची नूडल्सची हॉटेलं ठिकठिकाणी दिसतात, ती याच फ्रेडरिकच्या नावाने. म्हणजे एका भावाचं नाव नूडल्सच्या वाडग्यावर आणि दुसऱ्याचं सलाईनच्या बाटलीवर! कोरियात तर सलाईन लावण्यालाच बोलीभाषेत रिंगर लावणं म्हणतात.

सिडनी मात्र कुठे गेले नाहीत. 1854मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकायला आले आणि 1860मध्ये डॉक्टर झाले. त्यानंतरची जवळजवळ चाळीस वर्षं ते त्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात होते. मधली काही वर्षं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलातही ते काम करत.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची नर्सिंगची शाळा लंडनमध्ये 1860 साली सुरू झाली, म्हणजे रिंगर डॉक्टर झाले त्याच वर्षी. रिंगर यांच्या हॉस्पिटलात 1862पासून ऑल सेंट्स या धर्मसंस्थेच्या सिस्टर्स पेशंटची शुश्रूषा बघत होत्या. पेशंटवर नीट लक्ष ठेवायचं, दिसेल ते मोजायचं आणि मोजलेलं लिहून ठेवायचं, ही सवय वॉर्डात नुकती कुठे रुजत होती. रिंगर हे याच सवयीचे डॉक्टर. 1865 साली त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. क्षयासारख्या रोगाचं निदान करायला पेशंटचं तापमान कसं उपयोगी पडतं, हा त्याचा विषय. आज वॉर्डात सिस्टर दर काही तासांनी थर्मामीटर लावून चार्टवर टिंब मारतात, ते आपल्याला इतकं नेहमीचं वाटतं की त्याच्यावर कुणाला पुस्तक लिहावं लागलं असेल हे खरं वाटत नाही.

1869मध्ये त्यांचं औषधोपचारांवरचं हँडबुक आलं. कुठल्या औषधाने पेशंटला प्रत्यक्षात काय होतं, हे त्यात होतं. 1897पर्यंत त्याच्या तेरा आवृत्त्या निघाल्या. हे एवढंच त्यांनी केलं असतं तरी त्या काळातला नामांकित डॉक्टर म्हणून त्यांची नोंद झाली असती आणि आज आपण त्यांना पार विसरलो असतो.

पण रिंगर यांना दुसरा नाद होता. कॉलेजच्या फिजिओलॉजी विभागात त्यांची छोटीशी लॅब होती. हॉस्पिटल, लेक्चर आणि प्रॅक्टिस यांतून वेळ काढून ते तिथे जात आणि बेडकाच्या हृदयावर प्रयोग करत. त्यांचा प्रश्न असा होता: रक्तातली नेमकी कुठली गोष्ट हृदयाला चालू ठेवते?

हा प्रश्न किती जिवावरचा होता हे कळायला पन्नास वर्षं मागे जावं लागेल. 1831-32मध्ये ब्रिटनमध्ये कॉलराची साथ आली. कॉलरात माणूस काही तासांत सुकतो. डोळे खोल जातात, हातपाय गार पडतात, नाडी लागेनाशी होते. त्या वेळचे डॉक्टर अशा पेशंटचं वर आणखी रक्त काढत! विल्यम ओशॉनेसी नावाच्या विशीतल्या तरुण डॉक्टरने कॉलराच्या पेशंटचं रक्त तपासलं आणि सांगितलं, की याच्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत, ते परत द्यायला हवेत. (हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं त्यानेच उभारलं. एका आयुष्यात माणसं किती काय काय करतात!)

ओशॉनेसींचं म्हणणं प्रत्यक्षात आणलं स्कॉटलंडच्या थॉमस लॅटा या डॉक्टरने. 1832 साली एक म्हातारी बाई अगदी शेवटच्या घटका मोजत होती. लॅटांनी तिच्या हाताच्या शिरेत नळी घातली आणि मीठ आणि थोडा सोडा घातलेलं पाणी हळूहळू आत सोडायला सुरुवात केली. आधी काहीच फरक दिसेना. मग श्वास सुधारला, नाडी परत आली, चेहऱ्यावर रंग चढला. अर्ध्या तासात सुमारे तीन लिटर पाणी गेलं आणि मरायला टेकलेली ती बाई ठणठणीत आवाजात बोलायला लागली, चक्क थट्टा करायला लागली. आता जरा झोप मिळाली की झालं, असं तिला वाटत होतं.

लॅटा दमले होते. बाईचा धोका टळला असं समजून ते तिला हॉस्पिटलातल्या डॉक्टरच्या हवाली करून विश्रांतीला गेले. थोड्याच वेळात उलट्या-जुलाब पुन्हा सुरू झाले. आत गेलेलं सगळं पाणी बाहेर पडत होतं. पण लॅटांना कुणी बोलावलं नाही आणि शिरेतून पाणी परत कुणी दिलं नाही. ते गेल्यानंतर साडेपाच तासांत बाई मरण पावली.

मला ही गोष्ट सगळ्या वैद्यकीय इतिहासातल्या सर्वांत चुटपुट लावणाऱ्या गोष्टींपैकी एक वाटते. उपाय सापडला होता, लागूही पडला होता. कमी पडलं ते एवढंच, की किती आत जातंय आणि किती बाहेर पडतंय याचा हिशोब ठेवत बेडशेजारी कुणी बसलं नव्हतं. लॅटांनी हे सगळं स्वतःच ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला माहीत आहे. पुढे त्यांनी काही पेशंट वाचवलेही. पण 1833मध्ये ते वारले, साथ ओसरली आणि शिरेतून पाणी देण्याची कल्पना बराच काळ मागे पडली. मागे पडण्याची कारणंही होती. जंतू म्हणजे काय हे तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे पाणी आणि नळ्या निर्जंतुक करण्याचा प्रश्नच नव्हता. आणि त्या पाण्यात नेमकं काय, किती असावं, हेही कुणाला पक्कं माहीत नव्हतं.

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रिंगर यांच्या लॅबमध्ये मिळालं, आणि तेही एका कामचुकारपणामुळे!

1882मध्ये रिंगर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून साध्या मिठाच्या पाण्यात ठेवलं तरी ते बराच वेळ छान धडधडत राहतं, असं त्यांना दिसलं होतं. म्हणजे बाकीच्या क्षारांचं फारसं काम नाही, मीठ पुरतं, असा अर्थ निघत होता. मग काही दिवसांनी एक विचित्र गोष्ट घडली. तेच हृदय, तेच मीठ, पण ठोके क्षीण होत जायचे आणि वीसेक मिनिटांत हृदय थांबायचं. बदललं काय?

बदललं होतं पाणी. मिठाचं द्रावण डिस्टिल्ड वॉटरमध्ये, म्हणजे वाफेपासून मिळवलेल्या शुद्ध पाण्यात करायचं असतं. पण लॅबमधल्या फील्डर नावाच्या मदतनिसाला एवढं पाणी उकळत बसणं म्हणजे फुकटचा उपद्व्याप वाटे. डॉक्टरसाहेबांना फरक थोडाच कळणार आहे, अशा हिशोबाने तो सरळ नळाचं पाणी वापरत होता. पुढे नोबेल मिळवलेले हेन्री डेल तरुणपणी त्या कॉलेजात काम करत होते, तेव्हा म्हाताऱ्या झालेल्या फील्डरने स्वतःच त्यांना ही हकिगत सांगितली होती.

लंडनच्या त्या भागातलं नळाचं पाणी न्यू रिव्हर या कंपनीचं. नाव नदीचं असलं तरी ही नदी नव्हे. उत्तरेकडच्या झऱ्यांचं पाणी लंडनला आणणारा हा 1613मध्ये खणलेला कालवा. खडूच्या दगडातून आलेल्या या पाण्यात चुन्याचा अंश होता. रिंगर यांनी पाण्याचं पृथक्करण बघितलं, तर दहा लाख भागांत कॅल्शिअम साधारण 38 भाग आणि पोटॅशिअम 7 भाग. नगण्य वाटावं इतकंच. पण हृदय चालू ठेवत होतं ते हेच.

इथे रिंगर यांचा खरा स्वभाव दिसतो. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर मदतनिसाला झापून, आधीचे प्रयोग गुपचूप कपाटात टाकून मोकळा झाला असता. रिंगर यांनी 1883मध्ये नवा निबंध लिहिला आणि त्यात सरळ मांडलं, की आधीच्या प्रयोगातलं पाणी डिस्टिल्ड नव्हतं, नळाचं होतं, त्यामुळे काढलेला निष्कर्ष चुकला. मग त्यांनी एकेक क्षार वेगळा करून, थोडा कमी, थोडा जास्त असं करत सगळं पुन्हा तपासलं. त्यांना आढळलं ते असं. एकट्या मिठाने भागत नाही, ठोका पडायला कॅल्शिअम लागतं. पण एकटं कॅल्शिअम वाढलं की हृदय आवळलेल्या मुठीसारखं आकुंचन पावतं आणि सैल पडत नाही. त्याला आवर घालायला पोटॅशिअम हवं. आणि पोटॅशिअमच जास्त झालं तर हृदय सैल पडतं आणि तसंच थांबतं. तिघांचं प्रमाण जमलं की शरीराबाहेरचं हृदय तासन् तास चालतं. नंतर त्यांनी मासे आणि बेडकांची पिल्लं घेऊनही असेच प्रयोग केले.

आपल्या शरीरातलं पाणी हे नुसतं पाणी नाही, त्यात विरघळलेल्या चिमूटभर गोष्टींवर ठोका चालतो किंवा थांबतो, हे एवढ्या स्पष्टपणे तोवर कुणी दाखवलं नव्हतं. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना पहिल्यापासून बजावलं जातं, की पोटॅशिअम क्लोराइडचं इंजेक्शन शिरेत कधीही थेट मारायचं नाही. ते बाटलीत मिसळून, नीट हलवून, ठरलेल्या वेगानेच द्यायचं, आणि त्याआधी पेशंटला लघवी होतेय ना हे बघायचं. जास्तीचं पोटॅशिअम मुख्यतः लघवीवाटेच बाहेर जातं, ती वाट बंद असेल तर ते रक्तात साठत जातं. रिंगर यांच्या बशीतल्या बेडकाच्या हृदयाचं जे झालं, तेच मग माणसाचं होऊ शकतं. परीक्षेत दोन मार्कांना येणारा हा नियम वॉर्डात एका जिवाएवढा असतो.

1885मध्ये रिंगर रॉयल सोसायटीचे फेलो झाले. मान भरपूर मिळाला. पण घरात एक दुःख होतं. त्यांची थोरली मुलगी लहानपणीच गेली होती. यॉर्कशरमधलं लास्टिंगहॅम हे खेडं रिंगर पतिपत्नींच्या जिव्हाळ्याचं होतं. तिथलं चर्च शेकडो वर्षांचं, जमिनीखाली 11व्या शतकातलं दगडी तळघर असलेलं. मुलीच्या आठवणीसाठी रिंगर यांनी स्वतःच्या खर्चाने त्या चर्चचा जीर्णोद्धार करून घेतला. जे. एल. पिअर्सन या वास्तुकाराने 1879मध्ये ते काम पुरं केलं. न्यू रिव्हरच्या पाण्याची भानगड याच्या तीन-चार वर्षं नंतरची.

निवृत्त झाल्यावर ते लास्टिंगहॅमलाच राहायला गेले. 14 ऑक्टोबर 1910 रोजी त्यांचं निधन झालं. त्याच चर्चच्या आवारात पत्नी आणि मुलीजवळ त्यांना पुरलं आहे.

आज लागते ती बाटली त्यांनी पाहिलीच नाही. रिंगर यांचं द्रावण त्यांच्या हयातीत प्रामुख्याने लॅबमध्ये वापरलं जायचं. 1930च्या दशकात अमेरिकेत सेंट लुइस इथे अलेक्सिस हार्टमन हे मुलांचे डॉक्टर जुलाबांनी खंगलेल्या बाळांवर उपचार करत होते. अशा बाळांच्या रक्तात आम्ल वाढतं. ते कमी व्हावं म्हणून त्यांनी रिंगर यांच्या द्रावणात सोडिअम लॅक्टेट घातलं. लॅक्टेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं आणि आम्ल उतरतं. इंग्लंडमध्ये म्हणूनच त्याला हार्टमनचं द्रावण म्हणतात. आपल्याकडे रिंगरच टिकले. लिटरभर आरएलमध्ये मीठ सहा ग्रॅमच्या आसपास, लॅक्टेट तीनेक ग्रॅम आणि पोटॅशिअम-कॅल्शिअमचे क्षार प्रत्येकी अर्ध्या ग्रॅमहूनही कमी.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. अशक्तपणा आलाय, एखादी सलाईन लावून घेतो म्हणजे ताकद येईल, असं आपल्याकडे घरोघरी बोललं जातं. आरएलमध्ये ताकद म्हणावी असं जवळपास काही नसतं. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलीच्या बाटलीतही साखर असते ती 25 ग्रॅम. तोंडाने खाता-पिता येत असेल तर त्याहून जास्त वाटीभर शिऱ्यात मिळेल.

मात्र ज्याला खरंच गरज आहे त्याच्यासाठी हिशोब कडक असतो. कॉलरासारख्या जुलाबांत पार सुकलेल्या मोठ्या माणसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने दर किलो वजनाला 100 मिली द्रव तीन तासांत द्यायचं असतं, त्यातलं 30 मिली पहिल्या अर्ध्या तासात. म्हणजे 50 किलोच्या पेशंटला अर्ध्या तासात दीड लिटर आणि पुढच्या अडीच तासांत साडेतीन लिटर. पहिली पसंती आरएललाच. उलट हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या आजोबांना याच वेगाने पाणी दिलं तर ते फुप्फुसांत साचतं आणि माणूस बसल्या जागी गुदमरतो. बाटली तीच, वेग चुकला की वाचवण्याऐवजी मारणारी.

म्हणून सिस्टर घड्याळ धरून थेंब मोजतात. 500 मिली चार तासांत द्यायचंय, नळीचे 20 थेंब म्हणजे एक मिली, तर मिनिटाला साधारण 42 थेंब. हे चाललेलं असताना बाटली लवकर संपावी म्हणून कुणीतरी नातेवाईक हळूच नळीवरचं चाक फिरवतो. तुमच्यापैकी कुणी हे केलं असेल तर परत करू नका, कृपा करून.

आणि मग तो आत-बाहेरचा कागद, इनटेक-आउटपुट चार्ट. आत गेलेलं सगळं एका बाजूला: सलाईन, चहा, पेज, गोळीबरोबरचं पाणीसुद्धा. बाहेर पडलेलं दुसऱ्या बाजूला: लघवी, उलटी, जुलाब, नळीतून निघालेलं. मोठ्या माणसाला तासाला दर किलोमागे अर्धा मिली तरी लघवी व्हायला हवी, 50 किलोला 25 मिली. त्याहून कमी दिसायला लागलं की सिस्टर डॉक्टरांना कळवतात. रोज ठरलेल्या वेळी, त्याच काट्यावर वजन करतात, कारण एका रात्रीत किलोभर वजन वाढलं तर ती चरबी नसते, साठलेलं लिटरभर पाणी असतं. जीभ कोरडी आहे का, चिमटीत धरलेली कातडी लगेच सपाट होते का, पायावर बोट दाबलं तर खड्डा राहतो का, श्वासाला घरघर आहे का, पेशंट मघापेक्षा गुंगीत वाटतो का, हे सगळं बघणं त्यात आलंच. एवढ्या खटाटोपात काकांना बाथरूमला नेऊन आणलं आणि सांगितलंच नाही, की तो आकडा गेला. सिस्टर ओरडतात त्या उगाच नाही. लॅटांच्या त्या बाईजवळ असा एक कागद आणि तो भरणारी एक व्यक्ती असती, तर उलट्या-जुलाब परत सुरू झाल्याझाल्या नळी पुन्हा लागली असती.

बाटली लावतानासुद्धा रिंगर यांचं कॅल्शिअम विसरून चालत नाही. पेशंटला रक्त द्यायचं ठरलं की सिस्टर त्या नळीतलं आरएल बंद करतात आणि नळी एनएसने धुऊन घेतात. पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घातलेलं असतं, ते रक्तातल्या कॅल्शिअमला धरून ठेवतं. आरएलमधलं कॅल्शिअम येऊन मिसळलं तर नळीतच गुठळी व्हायची भीती. सेफ्ट्रिॲक्झोन हे नेहमीचं अँटिबायोटिकही याच कारणाने आरएलमध्ये मिसळत नाहीत, कॅल्शिअमशी मिळून त्याचे बारीक कण तयार होतात. वॉर्डात पहिल्यांदा पोस्टिंगला गेलेल्या मुलामुलींना सीनियर सिस्टर पहिल्या काही दिवसांतच हे सांगून ठेवतात.